आरएक्स १०० चे इंजिन बांधताना: ब्लॉक लेथवर देण्याआधी आणि दिल्यानंतर

टू-स्ट्रोक इंजिन जाम झाले की आपल्याकडे ठरलेला क्रम असतो. हेड उतरवायचे, ब्लॉक काढायचा, पिस्टनवर ओरखडे दिसले की ब्लॉक बोअरिंगला (लेथवर आतून मोठा करायला) टाकायचा, पुढच्या मापाचा पिस्टन आणायचा आणि दोन दिवसांत गाडी रस्त्यावर काढायची. असे बांधलेले इंजिन पुष्कळदा पहिल्याच लांबच्या फेरीत पुन्हा पकडते, कारण ज्या दोषाने आधीचा पिस्टन गेला तो दोष कुणी शोधलेलाच नसतो. प्रत्येक बोअरिंगला ब्लॉकचे एक माप कायमचे खर्च होते आणि जुन्या गाडीच्या मूळ ब्लॉकला अशी मापे मोजकीच शिल्लक असतात.

पुढील क्रम यामाहा आरएक्स १०० साठी लिहिला आहे. ९८ सीसीच्या या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मि.मी. आणि स्ट्रोकही (पिस्टनचा प्रवास) ५० मि.मी. आहे, त्याला रीड व्हॉल्व (आत आलेले मिश्रण परत जाऊ न देणारी पाकळ्यांची झडप) आहे आणि तेलासाठी वेगळा ऑटोल्यूब पंप आहे. इतर जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांनाही हाच क्रम चालतो, मात्र मापे त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावीत.

टप्पा १: हत्यारे आणि जागा

मॅग्नेटचा पुलर, क्लच धरण्याचे हत्यार, इम्पॅक्ट ड्रायव्हर, फिलर गेज, टॉर्क पाना आणि प्लगच्या भोकात बसणारा डायल गेज एवढे हाताशी नसेल तर इंजिन खोलू नये. मायक्रोमीटर आणि बोअर गेज स्वतःचे नसले तरी ते वापरता येणारा माणूस ओळखीचा हवा. केसचे स्क्रू जपानी प्रमाणाचे असतात. बाजारातला साधा चौफुली ड्रायव्हर त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही आणि डोकी खाऊन टाकतो. म्हणून सुरुवातीपासून इम्पॅक्ट ड्रायव्हरच वापरावा. निघालेले वॉशर आणि शिम ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत. फोटो जरूर काढावेत, पण दोन शिममधला जाडीचा फरक फोटोत दिसत नाही.

टप्पा २: खोलण्याआधीची नोंद

इंजिन चेसिसवर असतानाच गिअर ऑइल काढून त्याचा वास घ्यावा. त्याला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा ते दर महिन्याला कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघत असेल, तर क्लचच्या बाजूची क्रँक सील गेली आहे असे समजावे. मॅग्नेटचे झाकण काढून आत पाहावे. मॅग्नेटमागे ओलसर, काळपट तेलाचा थर असेल तर त्या बाजूच्या सीलवर संशय घ्यावा. ही डावी सील अधिक घातक असते, कारण तिच्यापलीकडे तेल नसून मोकळी हवा आहे. त्या फटीतून हवा आत गेली की मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि इंजिन पकडते. बाहेर मात्र धूरही दिसत नाही आणि आवाजही येत नाही.

मूळ पिस्टन बाहेर आल्यावर तो भंगारात टाकण्याआधी नीट पाहावा. चारही कोपऱ्यांवर उभे ओरखडे असतील तर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) कमी होता किंवा थंड इंजिन ताबडतोब जोरात पळवले गेले. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर पातळ मिश्रण किंवा तेलाचा तुटवडा ही कारणे आधी तपासावीत. इनटेकच्या बाजूचा स्कर्ट दळल्यासारखा मंद खरखरीत झाला असेल तर एअर फिल्टरमधून धूळ जात होती. माथ्याची कड खाल्लेली किंवा मध्यभागी वितळलेली असेल तर टायमिंग पुढे होते, प्लग जास्त गरम जातीचा होता किंवा मिश्रण फार पातळ होते.

*तपासा:* पिस्टन का गेला, हे एका वाक्यात कागदावर लिहिता येते का? येत नसेल तर ब्लॉक अजून लेथवर पाठवू नये.

टप्पा ३: खाली उतरवणे

क्लचचा किंवा प्रायमरी गिअरचा नट सोडवताना क्रँक अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून दोरी घालण्याची युक्ती फोर-स्ट्रोकवाल्यांकडून आली आहे. टू-स्ट्रोकमध्ये ती दोरी पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) शिरते आणि पोर्टच्या कडेवर कापली जाते, किंवा रिंगच मोडते. त्याऐवजी दोन गिअरच्या दातांमध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी धरावी.

मॅग्नेट फक्त त्याच्या पुलरनेच काढावा आणि आतली छोटी अर्धचंद्राकृती चावी लगेच डबीत टाकावी. केसचे दोन भाग वेगळे करताना सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण आरएक्सच्या या सांध्यात कागदी गॅसकेट नसून फक्त सीलंट असतो आणि तिथे पडलेला एक खड्डा पुढे हवेची वाट बनतो.

*सावधान:* क्रँकच्या टोकावर हातोडा मारू नये. क्रँक दाबून बसवलेल्या पिनवर जुळवलेला असतो. एका चुकीच्या ठोक्याने दोन्ही चकत्या एकमेकींच्या रेषेतून हलतात आणि नव्या बेअरिंगलाही थरथर लागते.

टप्पा ४: क्रँक आणि कनेक्टिंग रॉड

कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहावा. त्या दिशेला खेळ अजिबात जाणवता कामा नये. बाजूला तो थोडा हलतो, ते स्वाभाविक आहे: नव्या रॉडच्या वरच्या टोकाला हा हेलकावा सुमारे ०.८ ते १.० मि.मी. असतो आणि २ मि.मी.पर्यंत गेला की बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग) संपला असे मानतात. फार वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत खेळ नसूनही बेअरिंगवर गंजाचे ठिपके असतात. रॉड बोटांनी सावकाश फिरवताना बारीक कुरकुर जाणवली, तर आता काढलेला क्रँक पुन्हा तसाच बसवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

रॉड, पिन, बेअरिंग आणि बाजूचे वॉशर हा संच पूर्ण बदलावा आणि काम प्रेस असलेल्या माणसाकडेच द्यावे. परत घेताना क्रँक दोन सेंटरवर किंवा व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने समोर मोजून घ्यावा. रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०३ मि.मी.च्या आत हवा. "बघितलंय, सरळ आहे" या शब्दावर क्रँक घरी आणू नये. मोजायला पाच मिनिटे पुरतात आणि चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

मेन बेअरिंग आणि दोन्ही सील या वेळी न मोजता बदलाव्यात. बेअरिंग घेताना जुन्यावरचा क्रमांक सी३ सारख्या शेवटच्या खुणेसह उतरवून न्यावा. केस साधारण १०० अंशांपर्यंत समान तापवली की बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनाने बसते. थंड केसमध्ये ठोकून बसवले तर घर सैल होते.

गिअरबॉक्सविषयी थोडक्यात: गिअर निसटत नसतील तर शिफ्टिंग फोर्कची टोके आणि गिअरचे डॉग (एकमेकांत अडकणारे बाजूचे दात) गोल झालेत का एवढे पाहून तो संच तसाच परत ठेवावा.

टप्पा ५: आधी पिस्टन, मग बोअरिंग

या टप्प्यावर सर्वाधिक इंजिने बिघडतात. पिस्टनवर ०.५० असा शिक्का आहे म्हणून बोअर ५०.५० करून ठेवा, असे सांगणे चूक आहे. पिस्टन आधी विकत घ्यावा, तो ब्लॉकसोबत लेथवाल्याच्या हातात द्यावा आणि त्या पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावर क्लिअरन्स ठेवून बोअर करायला सांगावे. पिस्टन खालच्या कडेपासून ५ ते १० मि.मी. वर आणि गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मोजतात, कारण तो वरपासून खालपर्यंत सारखा नसतो आणि पूर्ण गोलही नसतो. मूळ कंपनीच्या पिस्टनला ०.०३५ ते ०.०४० मि.मी. क्लिअरन्स चालतो. बाजारातल्या इतर पिस्टनना मी ०.०५ च्या आसपास ठेवतो; सुरुवातीला थोडा खडखडाट ऐकू येतो, पण पकडण्यापेक्षा तो बरा.

मापाच्या वेळचे तापमान हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण नाही. ५० मि.मी.चा ॲल्युमिनियमचा पिस्टन २० अंशांनी तापला तर तो सुमारे ०.०२ मि.मी. वाढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा क्लिअरन्स. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभर पडलेला पिस्टन आणि सावलीतला ब्लॉक एकत्र मोजले, तर कागदावरचा आकडा खोटाच ठरणार. दोन्ही वस्तू एका टेबलावर तासभर ठेवाव्यात आणि मगच मोजाव्यात.

बोअरनंतर होनिंग (दगडाने बारीक घासणी) होऊन भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी दिसली पाहिजे. आरशासारखा गुळगुळीत ब्लॉक दाखवून कुणी कौतुकाची अपेक्षा करत असेल तर तो परत करावा, कारण त्या भिंतीवर तेल टिकत नाही आणि रिंगही बसत नाही.

यानंतर बोट पोर्टच्या कडेवरून फिरवावे. बोअरिंगच्या हत्याराने प्रत्येक पोर्टची कड वस्तऱ्यासारखी धारदार झालेली असते आणि ती मोडणे हे टू-स्ट्रोकचे खास काम आहे, जे रोज फोर-स्ट्रोकचे ब्लॉक करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. माझ्या पहिल्या इंजिनाला मी हे विचारलेच नाही. १४० किलोमीटरवर वरच्या रिंगचे टोक एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेत अडकले, रिंगचा पाऊण इंचाचा तुकडा सायलेन्सरमध्ये गेला आणि नवा ब्लॉक पुन्हा ०.७५ वर न्यावा लागला. बारीक ऑइल स्टोनने किंवा बोटाभोवती गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने साधारण अर्ध्या मि.मी.चा उतार सर्व पोर्टना द्यावा. वरच्या आणि खालच्या कडांना विशेष.

*तपासा:* ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने ब्रश लावून धुवावा, पेट्रोलने नव्हे. होनिंगची वाळू पेट्रोलने रेघांतून निघत नाही. वाळल्यावर पांढरा कपडा तेलात बुडवून आतून फिरवावा. कपडा राखाडी आला तर पुन्हा धुवावा. तीन-चार वेळा धुणे नेहमीचे आहे.

टप्पा ६: वरचा भाग जुळवणे

रिंग ब्लॉकमध्ये सरळ घालून पिस्टनने थोडी आत ढकलावी आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी, ०.१५ ते ०.३५ मि.मी. योग्य. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण पुढे, म्हणजे एक्झॉस्टकडे. खोबणीतली बारीक पिन आणि रिंगची टोके तंतोतंत जुळली पाहिजेत.

क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कपडा कोंबल्याशिवाय सर्कलिपला (गजन पिन अडवणाऱ्या तारेच्या कड्याला) हात लावू नये. सर्कलिप नेहमी नवी वापरावी आणि तिचे तोंड वर किंवा खाली ठेवावे, पिस्टनच्या खाचेसमोर आणू नये. ब्लॉक खाली सरकवताना तो थोडाही वळवू नये. वळवल्यास रिंगचे टोक पोर्टमध्ये निसटते. हेडचे नट तिरक्या जोडीने आणि तीन फेऱ्यांत मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळावेत.

बेस गॅसकेट काढून टाकल्याने पिकअप वाढतो, असा सल्ला हमखास मिळतो. त्याने ब्लॉक खाली येतो, पोर्ट उघडण्याची वेळ बदलते आणि पिस्टन हेडच्या जवळ जातो. हेड किंवा ब्लॉक फेस केलेला असेल तर माथ्यावर ग्रीसने सोल्डरची तार चिकटवून, हेड आवळून इंजिन हाताने एकदा फिरवावे आणि चेपलेली तार मोजावी. कडेला १ मि.मी.पेक्षा कमी जाडी निघाली तर जाड गॅसकेट लावावे.

टप्पा ७: रक्तदाबाच्या पंपाने गळती तपासणे

मॅग्नेट बसवण्याआधी करायची ही चाचणी बहुतेक जण गाळतात. एक्झॉस्टच्या तोंडावर रबर आणि पट्टी लावून ते बंद करावे, इनटेकच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवावे आणि ऑटोल्यूबची बारीक नळी चिमटून ठेवावी. एखाद्या जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून त्याच्या लोखंडी अंगात नळी डाग देऊन बसवावी, तो प्लगच्या जागी लावावा आणि नळीला डॉक्टरांच्या रक्तदाब यंत्राचा फुगा आणि तबकडी जोडावी. पिस्टन अगदी खाली ठेवावा, म्हणजे ट्रान्स्फर पोर्ट उघडे राहून ब्लॉक आणि क्रँककेस दोन्ही एकत्र तपासले जातात.

काटा ३०० (मि.मी. पारा) पर्यंत नेऊन थांबावे. हे सुमारे ६ पीएसआय होतात आणि यापुढे दाब वाढवल्यास चांगली सीलही निसटू शकते. एका मिनिटात काटा ५० पेक्षा जास्त उतरला तर गळती शोधावी. ब्रशने साबणाचे पाणी डावी सील, केसचा सांधा, बेस आणि हेड या क्रमाने लावावे. उजवी सील झाकणाआड असल्याने दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरण्याच्या भोकावर साबणाचा पातळ पडदा धरावा. तो फुग्यासारखा फुगत गेला तर हवा त्या सीलमधून गिअरबॉक्समध्ये जात आहे.

*सावधान:* सर्व जोड घट्ट असूनही काटा उतरत असेल तर आधी स्वतःची नळी आणि बुचे तपासावीत. चांगली केस उगाच पुन्हा उघडण्याची पाळी यामुळेच येते.

टप्पा ८: टायमिंग

पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांची) फट ०.३ ते ०.४ मि.मी. ठेवावी. डायल गेजवर पिस्टनचे सर्वोच्च स्थान शून्य करावे, क्रँक उलट फिरवून सुमारे ४ मि.मी. मागे न्यावा आणि मग चाक पुढे फिरते त्याच दिशेने हळू आणावा. वर पोहोचण्याआधी १.८ मि.मी. अंतरावर पॉइंट उघडले पाहिजेत. थेट मागे जाऊन तिथेच थांबल्यास सुटे खेळ मापात शिरतात. क्रम महत्त्वाचा आहे: आधी फट, मग टायमिंग, कारण फट बदलली की टायमिंगही हलते. अनेक गाड्यांवर नंतर सीडीआय किट (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवलेले आढळते. तिथे किटच्या खुणेवर विसंबून न राहता टायमिंग लाइटने खात्री करावी.

टप्पा ९: ऑटोल्यूबमधली हवा काढणे

तेलाची टाकी रिकामी झाली, नळी सुटली किंवा पंप काढला की पंपात हवा शिरते. हवा असलेला पंप फिरत राहतो, पण तेल देत नाही. पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुड्याशिवाय सलग तेल येईपर्यंत वाहू द्यावे. त्यानंतर पंप ते इंजिन ही बारीक नळी भरायची राहते: इंजिन आयडलवर चालू ठेवून पंपाची केबल पूर्ण ओढून धरावी आणि पारदर्शक नळीतला शेवटचा बुडबुडा पुढे जाईपर्यंत सोडू नये. या वेळी टाकीत तेल मिसळलेलेच पेट्रोल हवे. शेवटी पंपाच्या चाकावरची खूण थ्रॉटलच्या खुणेशी जुळवावी. थ्रॉटल केबल बदलूनही हे न करणे ही नेहमीची चूक आहे.

पहिल्या टाकीला पंप चालू असतानाही दर लिटरला २० मि.ली. टू-टी तेल मिसळावे. ज्यांनी पंप काढून टाकला आहे त्यांनी धावणीच्या (नवे इंजिन सावकाश चालवण्याच्या) काळात ४० मि.ली. घालावे आणि पेट्रोल पंपावर भरणाऱ्याच्या अंदाजावर न सोडता मापाने घालावे.

टप्पा १०: कार्ब्युरेटर

मिकुनीचे जेट तारेने कोरू नयेत. फुंकून किंवा हवेच्या दाबाने साफ करावेत. रीडच्या पाकळ्या उजेडाकडे धरल्यावर प्रकाश दिसू नये. एअर स्क्रू दीड फेरी उघडून सुरुवात करावी. हा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नाही: बाहेर काढला की मिश्रण पातळ होते. फोर-स्ट्रोकवर हात बसलेले मेकॅनिक नेमके इथे उलट फिरवतात. सुईची क्लिप वरच्या खाचेत गेली की सुई खाली जाते आणि मिश्रण पातळ होते, हेही पाठ असू द्यावे.

आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे १९८० च्या दशकात ठरवलेला मेन जेट आज थोडा पातळ पडतो. एक माप मोठ्या जेटने सुरुवात करावी आणि गरज वाटली तरच खाली यावे. जुनी पेट्रोलची नळी, फ्लोट सुईचे टोक आणि कॉकचे वॉशर याच पेट्रोलने फुगतात, म्हणून तेही बदलावेत.

प्लगचा रंग वाहतुकीत आयडलवर आल्यावर पाहून उपयोग नाही. इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद चालवून, थ्रॉटल न सोडता किल्ली बंद करावी, त्याच क्षणी क्लच दाबावा, कडेला थांबून प्लग काढावा. ही चाचणी धावणी संपल्यावरच करावी. फिकट चॉकलेटी रंग ठीक. पांढराफटक असेल तर त्याच जेटवर परत घरी सावकाश यावे. प्लग वारंवार तेलकट होतो म्हणून बी८एचएस ऐवजी गरम जातीचा प्लग घालणे म्हणजे पिस्टन पणाला लावणे होय. तेलकटपणाचे कारण बहुधा उजवी सील किंवा चोंदलेला सायलेन्सर असते.

जेटिंग जिथे गाडी चालते तिथेच करावे. महाबळेश्वरच्या १,३०० मीटर उंचीवर नेमका जमवलेला जेट पोलादपूरला उतरल्यावर पातळ ठरतो आणि आंबेनळी घाटात थ्रॉटल बंद ठेवून उतरताना तेलही तुटपुंजेच मिळते. उतारावर अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा फिरवावा.

टप्पा ११: धावणी

पहिल्या दिवशी इंजिन चालू करून सिलिंडरला हात लावता येणार नाही इतके तापू द्यावे, बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. असे तीनदा करावे. थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला आणावेत. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत राहावे, पण एकाच वेगाने तासभर चालवू नये आणि चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटू देऊ नये. या काळात क्लचवर दोन बोटे कायम असावीत. आवाज अचानक कोरडा झाला किंवा कुणी मागून गाडी ओढून धरल्यासारखे वाटले, तर त्याच क्षणी क्लच दाबावा आणि थंड झाल्याशिवाय किक मारू नये.

५०० किलोमीटरनंतर सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन पाहावा, किक हाताने सावकाश दाबत तो वर-खाली करावा. स्कर्टवर तेलाचा ओला थर आणि फिकट उभ्या खुणा दिसल्या तर गॅसकेट नवे घालून सायलेन्सर परत लावावा. चमकणारा कोरडा पट्टा दिसला तर गाडी तिथेच उभी ठेवावी आणि रक्तदाबाचा फुगा पुन्हा बाहेर काढावा.